वायर्ड व्हिडिओ डोअरबेल घरी बसवताना: भोक सगळ्यात शेवटी

माझी पहिली व्हिडिओ डोअरबेल मी एका सकाळी बसवली. तासाभरात काम आटोपलं, ॲपमध्ये दारासमोरचं चित्र स्वच्छ दिसू लागलं आणि मी हत्यारं आवरून ठेवली. रात्री साडेआठला शेजारच्या मुलाने बेल दाबली. चित्र काळं झालं, बटणाभोवतीचा दिवा विझला आणि मिनिटभराने बेल आपोआप पुन्हा सुरू झाली. पुढचे चार दिवस हेच. दिवसा ठणठणीत, रात्री कुणी बोट लावलं की बेशुद्ध. मी राउटर हलवला, ॲप काढून परत घातलं, कंपनीच्या मदतकेंद्राशी हुज्जत घातली. दोष निघाला आत, वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरचा. दिवसा तो कॅमेऱ्याचं ओझं कसंबसं पेलत होता. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागत, त्यावर बटण दाबलं की घरात आत वाजणाऱ्या चाइमचा भार येई आणि तो मान टाकी.

तेव्हापासून मी या कामाचा क्रम उलटा केला आहे. बहुतेक जण खोका उघडला की आधी ड्रिल मशीन शोधतात. मी ड्रिल शेवटी काढतो. आधी वीज मोजायची, मग वाय-फाय, मग बेल एक रात्र नुसती टेपवर चिकटवून चालवायची आणि सगळं मनासारखं झालं तरच भिंतीला हात लावायचा.

आधी सर्किट डोक्यात बसू द्या

साध्या कमी व्होल्टेजच्या बेलमध्ये तीनच वस्तू एका साखळीत असतात: ट्रान्सफॉर्मर, आत वाजणारा चाइम आणि दारावरचं बटण. ट्रान्सफॉर्मर मेन्सचं, म्हणजे घरात येणाऱ्या मुख्य विजेचं, व्होल्टेज उतरवून साधारण १६ ते २४ व्होल्ट एसी देतो, फार जुने ८ ते १२ व्होल्टचेही सापडतात. बटण म्हणजे साखळीतली फट, बाकी काही नाही. दाबलं की फट बुजते, चाइममधल्या कॉइलला करंट मिळतो, ती लोखंडी दांडी ओढते आणि ‘डिंग’ होतं. सोडलं की स्प्रिंग दांडी परत ढकलते आणि ‘डाँग’. एरवी त्या वायरींतून काहीच वाहत नसतं.

बटणाच्या जागी कॅमेरा आला की हे बदलतं. कॅमेऱ्याला चोवीस तास वीज हवी, आणि ती त्याच दोन वायरींतून, म्हणजे चाइमच्या कॉइलमधूनच घ्यावी लागते. त्यामुळे तो सतत थोडासा करंट ओढत राहतो, दांडी हलणार नाही इतपतच. कुणी बटण दाबलं की तो क्षणभर आपली दोन टोकं आतून जोडतो आणि चाइम वाजतो. त्या क्षणी त्याला स्वतःला वीज मिळत नाही. आतल्या छोट्या बॅटरीवर किंवा कपॅसिटरवर तो तेवढा वेळ काढतो. ट्रान्सफॉर्मर अशक्त असेल, वायर लांब आणि बारीक असेल किंवा चाइम कुरकुरा असेल, तर घोळ होतो तो इथेच.

तुमची बेल कोणत्या जातीची?

हा प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. काही घरांत बेल वर सांगितलेल्या कमी व्होल्टेजवर चालते, तर काही घरांत थेट मेन्सवर. म्हणजे दारावरच्या त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या स्विचमध्ये २३० व्होल्ट असतात, काही देशांत १२०. बाहेरून दोन्ही बटणं सारखीच दिसतात. मेन्सच्या वायरी व्हिडिओ डोअरबेलला जोडल्या तर ती क्षणात जळते, आणि हात तिथे असेल तर प्रकरण बेलवर थांबत नाही.

ओळखायचं कसं? साधा निऑनचा टेस्टर १६-२४ व्होल्टवर पेटतच नाही, त्याला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं. म्हणून बेलच्या स्विचमध्ये टेस्टर पेटला, तर तिथे मेन्स आहे, विषय संपला. उलट मात्र खरं नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं समजू नका. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, टेस्टरच बिघडलेला असेल किंवा टोक भलत्याच वायरीला लागलं असेल. आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर तपासा, मग मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून बटणाच्या दोन स्क्रूंमध्ये मोजा. आकडा तीसच्या आत आला तरच रेंज खाली आणा.

मेन्सची बेल निघाली तर एक गोष्ट लक्षात घ्या. स्विचमधल्या दोन वायरी म्हणजे एक फेज, आणि दुसरी तीच फेज बेलपर्यंत नेणारी. न्यूट्रल तिथे सहसा नसतोच. त्यामुळे स्विचच्या डबीतच एखादा ॲडॅप्टर बसवून टाकू, हा बेत फसतो. व्यवहार्य रस्ते दोन. पहिला, वायरमनकडून ती लाइन बोर्डातच तोडून घ्यायची, जुन्या वायरी पाइपातून ओढून काढायच्या आणि रिकाम्या पाइपातून कमी व्होल्टेजची नवी जोडी घ्यायची. दुसरा, घरातल्या सॉकेटला कंपनीने सुचवलेला ॲडॅप्टर लावून त्याची बारीक वायर चौकटीशेजारून बाहेर काढायची. ॲडॅप्टर एसी आहे की डीसी हे बेलच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. डीसी असेल तर प्लस-मायनसच्या खुणाही पाळाव्या लागतील. मेन्स आणि कमी व्होल्टेज एकाच पाइपातून नेऊ नका. आत कुठे कवच खरवडलं गेलं तर मेन्सचं व्होल्टेज थेट बाहेरच्या बेलच्या स्क्रूपर्यंत येतं.

या दोन्ही रस्त्यांत जुनी मेन्सवरची बेल वाजणार नाही. तिच्या जागी त्याच कंपनीचा सॉकेटमध्ये खोचायचा बिनवायरी चाइम घ्यावा. आणि वाटेत चाइमच नसेल, तर बेल ट्रान्सफॉर्मरला सरळ जोडण्याआधी माहितीपत्रक वाचा. मघाशी म्हटलं तसं बटण दाबल्यावर काही मॉडेल आपली दोन टोकं आतून जोडतात. मध्ये चाइमचा भार नसेल तर ते सरळ शॉर्ट होतं. अशा मॉडेलला मध्ये ठरावीक रेझिस्टर लागतो किंवा ॲपमध्ये ‘चाइम नाही’ असं आधी सांगावं लागतं.

दोन आकडे मोजा, वहीत लिहा

इथून पुढे कमी व्होल्टेजची बेल गृहीत धरतो.

ट्रान्सफॉर्मर शोधणं हेच कधीकधी अर्धं काम असतं. तो बोर्डाच्या आत किंवा शेजारी, मीटरच्या पेटीत, फॉल्स सीलिंगच्या वर, नाहीतर चाइमच्याच पोटात असतो. त्याच्यावर ‘१६ व्ही, ३० व्हीए’ असं काहीतरी छापलेलं असेल. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणून व्हीएला व्होल्टने भागलं की तो किती अँपिअर देऊ शकतो ते कळतं. १६ व्होल्ट १० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम ०.६ अँपिअर देतो, ३० व्हीएचा जवळपास १.९. नुसती बेल वाजवायला दहा व्हीए पुरत होते. बहुतेक व्हिडिओ डोअरबेलना १६ ते २४ व्होल्ट लागतात. व्हीएचा आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण मी ३० च्या खाली जात नाही.

छापील आकड्यावर मात्र विसंबू नका. भार नसताना ट्रान्सफॉर्मर नेहमी फुशारकी मारतो, १६ चा असला तरी १८-१९ दाखवतो. म्हणून दोन ठिकाणी मोजायचं. पहिलं, बटण न दाबता बटणाच्या दोन स्क्रूंमध्ये. हे बिनभाराचं व्होल्टेज. दुसऱ्यासाठी मदतनीस लागतो. त्याला बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा आणि तेवढ्यात चाइमवरच्या ‘ट्रान्स’ आणि ‘फ्रंट’ या दोन स्क्रूंमध्ये मोजा. हे भाराखालचं. जास्त वेळ दाबून धरू नका, कॉइल तापते. माझ्या त्या पहिल्या प्रकरणात बटणाशी १७ च्या पुढे आणि चाइमशी ११ च्या आत असा हिशेब आला, आणि चार दिवसांची हुज्जत पंधरा सेकंदांत मिटली.

आकडा असा कोसळत असेल तर संशयित दोन: ट्रान्सफॉर्मर किंवा वायर. वायरचं गणित सोपं आहे. १८ गेजची तांब्याची वायर, म्हणजे साधारण ०.८ चौरस मिलिमीटर, मीटरमागे सुमारे ०.०२१ ओहम रोध दाखवते. बेल ट्रान्सफॉर्मरपासून १५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर. एक अँपिअर वाहिला तर ०.६ व्होल्ट वाटेत गळतात, ते चालतं. पण टेलिफोनची २४ गेजची वायर बेलला वापरलेली असेल, तर तेवढ्याच अंतरात अडीच व्होल्ट जातात. अशा वेळी शक्तिमान ट्रान्सफॉर्मर आणूनही समाधान होत नाही. टेलिफोनच्या वायरीत दोन जोड्या मोकळ्या असतील तर प्रत्येक बाजूला दोन-दोन वायरी एकत्र पिळून जोडता येतात, रोध निम्मा होतो. जुगाड आहे, पण टिकतो.

ट्रान्सफॉर्मर बदलायचा ठरला तर मेन्सची बाजू वायरमनकडून करून घ्या, कमी व्होल्टेजची बाजू तुमची. आणि ‘घेतोच आहोत तर २४ चा घेऊ’ असं करण्याआधी चाइमवर काय छापलंय ते बघा. १६ व्होल्टच्या चाइमला २४ दिले तर तो गुणगुणतो आणि तापतो.

वाय-फाय दाराच्या बाहेर, दार लावून

फोनवर एखादं वाय-फाय मोजणारं ॲप घ्या, बाहेर जा, दार लावून घ्या आणि फोन बेलच्या जागेवर भिंतीला टेकवून धरा. लोक उघड्या दारात उभं राहून मोजतात आणि खूश होतात. लोखंडी दार मध्ये आलं की तोच आकडा दहाने घसरतो. मोजमाप डीबीएममध्ये आणि उणे चिन्हात येतं. उणे ६० किंवा त्याहून वर, म्हणजे शून्याच्या जवळ, उत्तम. उणे ६७ पर्यंत निभावतं. उणे ७५ दिसलं तर चित्र अडखळणार हे धरून चाला.

५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बरा जातो, वेग कमी असला तरी. काही बेलना फक्त २.४ च कळतो, आणि राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर त्या जोडणीच्या वेळी गोंधळतात. अशा वेळी राउटरमध्ये ५ तेवढ्यापुरता बंद करा, बेल जोडा, मग चालू करा. बेल चित्र बाहेर पाठवते, म्हणून महत्त्वाचा तो अपलोडचा वेग. आणि घर नव्याने बांधताय, भिंती अजून उघड्या आहेत? मग हे सगळं सोडा, दारापर्यंत एक कॅट-६ नेटवर्क केबल टाका आणि पीओई बेल घ्या. एकाच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही, १०० मीटरपर्यंत. वायरिंग झाल्यावर हे आठवतं, ही खरी अडचण.

बटण काढा, वायरींना पळू देऊ नका

एमसीबी बंद करा. बंद करण्याआधी बेल वाजते ना ते पाहा, बंद केल्यावर वाजत नाही ना ते पाहा. चुकीचा एमसीबी पाडून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत, आरशातही. जुन्या बटणाचा फोटो काढा. दोन स्क्रू सैल करा, आणि दुसरी वायर सोडवण्याआधी पहिलीला भिंतीबाहेर अडकवून ठेवा. वायरीचं टोक काटकोनात वाकवायचं आणि कपड्यांचा चिमटा लावायचा. हे मी शहाणपणाने सांगत नाही. एकदा माझ्या हातून वायर निसटली आणि सर्रकन पाइपात गेली, सापाने शेपटी आत ओढून घ्यावी तशी. वायर ओढायची स्प्रिंग घालून ती परत बाहेर काढायला दोन तास गेले.

जुनं तांबं काळं किंवा हिरवट पडलेलं असेल तर तेवढं छाटून नवं टोक सोला, आठ-दहा मिलिमीटर पुरे. बटणात बारीक दिवा असलेला प्रकार असेल तर तो पूर्णपणे काढा, त्यातूनही करंट झिरपत असतो.

आता चाइम. त्याचं झाकण काढा. ‘फ्रंट’, ‘ट्रान्स’ आणि बहुधा ‘रिअर’ असे तीन स्क्रू दिसतील. रिअर मागच्या दारासाठी, आपला संबंध पहिल्या दोघांशी. बेलच्या खोक्यात दोन वायरींची छोटी डबी असेल, कुणी तिला पॉवर किट म्हणतं, कुणी चाइम किट. तिची एक वायर फ्रंटला, एक ट्रान्सला, आधीच्या वायरी जागच्या जागी ठेवून. कॅमेरा जो सतत थोडा करंट ओढतो, त्याला कॉइल टाळून जायला ही बाजूची वाट. ती नसली तर काही चाइम रात्रभर मधमाशीसारखे गुणगुणतात. डबी दुहेरी टेपने झाकणाच्या आत चिकटवा, पण दांडी जिथे आदळते तिथे नको. मी पहिल्यांदा नेमकी तिथेच लावली होती. बेल दाबली की ‘डिंग’ ऐवजी ‘थप’, जणू कुणी उशीवर बुक्की मारली.

काही स्वस्त मॉडेल फ्रंट आणि ट्रान्स एका जंपरने सरळ जोडायला सांगतात. मग जुना चाइम कायमचा मुका होतो आणि आवाज फक्त फोनवर किंवा वेगळ्या चाइमवर येतो. घरात फोन न बाळगणारं कुणी असेल तर हे खरेदीआधीच बघा.

एक रात्र टेपवर

भिंतीतल्या दोन वायरी आणि बेल यांच्यामध्ये हातभर वायर घाला, लिव्हरवाले कनेक्टर वापरून. एसीमध्ये कोणती वायर कोणत्या स्क्रूला, याने फरक पडत नाही. बेल कागदी टेपच्या चार पट्ट्यांनी भिंतीला चिकटवा. कोरडा दिवस निवडा, हे सांगायला नको. एमसीबी चालू करा. आत बॅटरी असलेलं मॉडेल असेल तर ती भरेपर्यंत थोडी कळ काढा, लगेच बटण दाबत सुटू नका. मग ॲपमध्ये बेल जोडा आणि चाइमचा प्रकार विचारेल तिथे बरोबर उत्तर द्या: दांडीवाला यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक किंवा नाही. यांत्रिक चाइमला चुकून इलेक्ट्रॉनिक म्हटलं तर दांडी ओढून धरलेलीच राहू शकते.

आता बेल सरकवून बघा. जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर ही सर्वसाधारण उंची. जास्त वर लावली की टोप्या आणि डोकी दिसतात, दाराशी ठेवलेलं पार्सल दिसत नाही. आडव्या १६:९ चित्रात तर ते हमखास कापलं जातं, म्हणून उभं किंवा चौकोनी चित्र देणारी बेल दारासाठी बरी. दार भिंतीच्या खोबणीत असेल तर पाचरीसारखी तिरपी पट्टी लावून बेलचं तोंड वळवता येतं.

हालचाल ओळखायला पीआयआर सेन्सर असेल, तर तो उष्णता आडवी सरकली की पटकन जागा होतो, सरळ समोरून चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. पायवाट थेट बेलवर येत असेल तर ती थोडी तिरपी लावल्याने फरक पडतो. समोर रस्ता असेल तर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं तापलेलं इंजिन त्याला पाहुणा वाटतं. खाली कलवून पाहा.

रात्रीची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, टेपचा खटाटोप तिच्यासाठीच. दिवे मालवा आणि ॲप उघडा. बाजूची पांढरी भिंत किंवा चौकटीची कड कॅमेऱ्याच्या फार जवळ असेल तर इन्फ्रारेड तिच्यावरून परततो, तो भाग पांढराफटक होतो आणि माणसाचा चेहरा काळोखात बुडतो. चार-पाच सेंटिमीटर सरकवलं तरी सुटका होते. मग कुणाला तरी दहा वेळा बटण दाबायला सांगा, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने. दहाही वेळा चाइम वाजला, चित्र टिकलं आणि बेल शुद्धीवर राहिली, तर वीज पुरेशी आहे. सकाळी उन्हाच्या वेळी पुन्हा एकदा बघा. थेट सूर्य भिंगात शिरत असेल तर उजेड-सावली सावरणारं एचडीआरही फार काही करू शकत नाही, वर छोटं छज्ज्यासारखं झाकण लावावं लागतं.

आता ड्रिल

एमसीबी पुन्हा बंद. माउंटची पट्टी लेव्हलवर धरून पेन्सिलने दोन खुणा करा. थांबा, आणि पाइप कुठून येतो ते बघा. भिंतीतले पाइप सहसा सरळ उभे किंवा आडवे जातात, आणि बेलच्या पट्टीतली स्क्रूची भोकं बहुधा वायरच्या भोकाच्या नेमकी वर आणि खाली असतात. म्हणजे एक भोक पाइपावर पडण्याची चांगलीच शक्यता. वायरच्या भोकात काडी घालून पाइप वर जातो की खाली ते चाचपा. शंका असेल तर पट्टी सेंटिमीटरभर बाजूला घ्या, बेलच्या मागे ते झाकलं जातं.

विटा-काँक्रीटसाठी सहाचा बिट आणि त्याच मापाची गिट्टी बहुतेक वेळा चालते. खोक्यातली गिट्टी मापून घ्या. बिटवर टेपची पट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, तीन सेंटिमीटर भरपूर झाले. टाइलवर हॅमर मोड बंद, टाइलचा बिट आणि खुणेवर कागदी टेपची फुली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार झाली की बिट बदलून हॅमर. लाकडी चौकटीला गिट्टी लागत नाही, आधी बारीक भोक पाडून सरळ स्क्रू. भोकातली धूळ फुंकून काढा, पण डोळे मिटून. धूळ राहिली तर गिट्टी अर्धीच आत जाते आणि पट्टी कायमची डुगडुगते.

नवीन वायर भिंतीतून आरपार आणायची असेल तर आतून बाहेर किंचित उतार ठेवून भोक पाडा, पाणी आत येणार नाही. टर्मिनलच्या स्क्रूभोवती वायर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा, स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. हातानेच आवळा, ड्रिलने नको, पितळी आटे लगेच जातात. वायर हलकेच ओढून पाहा. कनेक्टर भोकात मावत नाहीत ही नेहमीची तक्रार. कोंबू नका, जास्तीची वायर आत सारा किंवा जाड स्पेसर लावा.

सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना. खालची कड मोकळी. चुकून आत गेलेलं पाणी आणि दव बाहेर पडायला वाट हवी. बेलवर आयपी६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलं असलं तरी तो आकडा बेलच्या पोटाचा आहे, तुमच्या भिंतीतल्या भोकाचा नाही. शेवटी तळाचा चांदणीच्या आकाराचा सुरक्षा स्क्रू. त्याचा चिमुकला पेचकस एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, नाहीतर लागेल तेव्हा सापडणार नाही.

ॲपमधलं जे टाळलं जातं

पासवर्ड फक्त या बेलपुरता वेगळा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू. घरच्यांना ॲपमधून स्वतंत्र सदस्य करा, एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवू नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर बेल तिथे ठेवावी.

मेमरी कार्डावर सलग रेकॉर्डिंग करणार असाल तर हिशेब करून कार्ड घ्या. सेकंदाला २ मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे ०.९ गिगाबाइट, दिवसाला साधारण २१. चौसष्टचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि जुनं पुसत पुन्हा लिहू लागतं. अशा सततच्या लिखाणाला ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचंच कार्ड टिकतं. फक्त हालचालीपुरतं रेकॉर्डिंग ठेवलं तर तेच कार्ड कितीतरी अधिक दिवस पुरतं.

समोरच्यांचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर ॲपमधल्या प्रायव्हसी झोनने तो भाग काळा करा, आणि ते काळं चित्र त्यांना आपणहून दाखवा. आवाजाचं रेकॉर्डिंग मी बंदच ठेवतो. दाराबाहेर दोन माणसं काय बोलतात ते साठवून मला काय करायचं आहे? युरोपियन युनियनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच म्हटलं आहे की, घरावरचा कॅमेरा सार्वजनिक जागेचं चित्रण करत असेल तर ते निव्वळ घरगुती काम राहत नाही. नियम ठिकाणानुसार बदलतात, आपल्या भागातले बघून घ्या.

नंतर कुरकुर झाली तर

रात्रीच बंद पडते, तर वीज कमी, मोजणीच्या भागात परत जा. चाइम गुणगुणतो, तर पॉवर किटच्या वायरी सैल किंवा किटच नाही. चाइम एकदाच वाजून गप्प होतो, तर ॲपमधला चाइमचा प्रकार चुकलाय किंवा दांडीवर धूळ साचली आहे. दांडी कोरड्या कापडाने पुसा, तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते. चित्र येतं पण दहा-पंधरा सेकंद उशिरा, तर वाय-फाय. मध्यरात्री उगाच सूचना येत राहतात, तर आधी कोळ्याचं जाळं शोधा. भिंगासमोर झुलणारा एक धागा इन्फ्रारेडमध्ये दोरखंडाएवढा दिसतो.

जुनं बटण आणि त्याचे स्क्रू फेकू नका. घर सोडताना किंवा बेल दुरुस्तीला पाठवताना ते पाच मिनिटांत परत बसतं. मी ते एका पिशवीत घालून चाइमच्या झाकणाआड ठेवतो आणि पिशवीवर त्या दिवशी मोजलेले आकडे लिहितो. नव्या ट्रान्सफॉर्मरनंतर माझ्या पिशवीवर आहे: ‘बटणाशी १७.८, चाइमशी १५.९’.